गच्चीवरचा सिनेमा आणि अंधारात खायचे पदार्थ

सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवायचे आम्ही पहिल्यांदा ठरवले, तेव्हा खाण्याचा बेत म्हणून मिसळ ठेवली होती. पुण्यात वीस-पंचवीस माणसे जमणार म्हटल्यावर मिसळीपलीकडे मन पटकन जात नाही, आणि एका पातेल्यात सगळ्यांचे भागते हा हिशेबही बरोबर होता. चुकला तो अंधाराचा हिशेब. दिवे मालवल्यावर वाडग्याची कड कुठे आहे आणि तर्री कुठवर आली आहे हे कोणालाच दिसेना. लिंबाची फोड पिळावी तर ती शेजाऱ्याच्या चष्म्यावर उडे, आणि पाव बुडवावा तर तो निम्मा रश्श्यात राही. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा शेजारच्या काकांच्या पांढऱ्या लेंग्यावर आणि आमच्या सतरंजीवर एकाच कटाचे नकाशे उमटलेले होते.

त्यानंतर आम्ही अशा कार्यक्रमासाठी एकच कसोटी ठेवली आहे: पदार्थ ताटाकडे न बघता खाता आला पाहिजे. डाव्या हातात द्रोण, उजव्या हाताची दोन बोटे आणि डोळे पडद्यावर, एवढ्यात जो पदार्थ बसतो तो चालू सिनेमात द्यावा. जो बसत नाही तो कितीही चविष्ट असला तरी उजेडात, म्हणजे सिनेमाआधी किंवा मध्यंतरात द्यावा. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या कसोटीवरूनच ठरवले आहे, आणि प्रमाणे पंचवीस माणसांची दिली आहेत, कारण एका मध्यम इमारतीच्या गच्चीवर तितकीच माणसे आरामात बसतात.

आधी घड्याळ, मग स्वयंपाक

बेत ठरवण्याआधी वेळा कागदावर मांडाव्यात. प्रोजेक्टरचे चित्र नीट दिसायला सूर्यास्तानंतर साधारण अर्धा-पाऊण तास जावा लागतो. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर मेअखेरीस सात वाजून जातात. दुसऱ्या टोकाला रात्री दहाची मर्यादा आहे, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. त्यामुळे डिसेंबरात पावणेसातला सुरू केलेला अडीच तासांचा सिनेमा पंधरा-वीस मिनिटांचे मध्यंतर धरूनही साडेनऊच्या आसपास संपतो आणि वर दूध प्यायला वेळ उरतो. मे महिन्यात मात्र पावणेआठच्या आधी पडदा दिसतच नाही, म्हणून तेव्हा दोन तासांच्या आतला सिनेमा निवडावा आणि मध्यंतराचे खाणे पाच-दहा मिनिटांत वाटून होईल असे हलके ठेवावे. खाण्याचे प्रमाण पाहुण्यांच्या संख्येइतकेच या वेळांवरही ठरते.

ऋतूचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर हा विषयच सोडून द्यावा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळवाची सर कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून त्या दिवसांत पाच मिनिटांत जिन्यात हलवता येईल एवढेच सामान वर न्यावे. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, पण दव असते आणि त्याने कुरमुरे, लाह्या, पापड सगळे सादळते. तेव्हा कोरडे पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यांतच ठेवावेत आणि लागतील तसे काढावेत. मोठ्या परातीत लाह्यांचा ढीग रचून ठेवणे छायाचित्रात छान दिसते, पण तासाभरात त्या लाह्यांचा चामट कापूस होतो.

उजेड आहे तोवर: पोटभरीचे

पाहुण्यांना सिनेमाच्या वेळेपेक्षा तासभर आधी बोलवावे आणि पोटात आधार पडेल असे जे द्यायचे ते याच तासात द्यावे. यात आणखी एक सोय आहे. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत जैन कुटुंबे असतात आणि त्यांतली काही सूर्यास्तानंतर खात नाहीत. पहिला पदार्थ दिवस मावळायच्या आत मांडला आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा नसलेले काहीतरी असले, तर त्यांना नुसते पाहुणे म्हणून बसून राहावे लागत नाही. खमंग ढोकळा, मुगाच्या डाळीचे आप्पे किंवा काकडी-टोमॅटोचे चटणी सँडविच यांतले एक निवडावे. सँडविचसाठी हिरवी चटणी घट्ट वाटावी, पावाला आधी लोणी लावावे आणि मगच चटणी पसरावी, म्हणजे लोण्याच्या थरामुळे पाव ओला होत नाही. पंचवीस माणसांना प्रत्येकी चार त्रिकोणी तुकडे धरले तर पन्नास सँडविच लागत नाहीत. एका सँडविचचे चार तुकडे केल्यास पंचवीस सँडविच, म्हणजे पन्नास स्लाइस, आणि हाताशी असावा म्हणून एक पुडा जास्त.

वडापाव हा या वेळेचा खरा राजा आहे, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली ही की तळणे खाली घरातच व्हावे. गच्चीवर वारा असतो, शेगडीची ज्योत आडवी होते, आणि तापलेल्या तेलाच्या कढईभोवती अंधारात मुले पळत असणे हे कोणत्याही चवीपेक्षा महाग पडते. दुसरी अट अशी की तळलेले वडे बंद डब्यात भरू नयेत, कारण त्यांच्याच वाफेने आवरण लोळागोळा होते. वेताच्या टोपलीत कागद घालून त्यावर वडे एका थरात मांडावेत आणि वरून पातळ सुती कापड टाकावे. पावाला लसणाची कोरडी चटणी खालीच भरून ठेवावी. चिंचेची चटणी वगळावी, तिचे थेंब नेमके सतरंजीवर पडतात. माणशी दोन म्हणजे पन्नास वडे होतात, पण सोबत दुसरे काही असेल तर चाळीस पुरतात.

डिसेंबर-जानेवारीत बाजारात हुरडा मिळतो. तो शेतावर आगटीत भाजून खाण्यातली मजा गच्चीवर येणार नाही, हे मान्य करूनच तो आणावा. मोकळे दाणे लोखंडी तव्यावर मिठाच्या हबक्यासह गरम करावेत आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी शेजारी ठेवावी. हिवाळ्यात पुरंदरकडचे पेरू आणि अंजीर मिळतात तेही याच वेळेला शोभतात. पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून द्याव्यात. अंजीर मात्र नुसतेच द्यावे, त्याला काही करायला जाऊ नये.

पडदा सुरू झाल्यावर: लाह्या आणि भडंग

चालू सिनेमात ओले, रसाळ, बी असलेले आणि साल काढावे लागणारे काहीही नको. उकडलेल्या शेंगा मला अतिशय आवडतात, तरी त्या इथे बाद आहेत, कारण अंधारात टरफले कुठे जातात हे सकाळी गच्ची झाडणाऱ्यालाच कळते. बोरे, खजूर, संत्री यांचेही तेच. चकली ही या यादीत सीमेवरची आहे. ती कोरडी आहे, बोटांत धरता येते, पण दाताखाली तिचा जो आवाज होतो तो पडद्यावर कोणी अखेरचा श्वास घेत असताना तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतो. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि त्याआधी चार वर्षे प्रभातच्या जुन्या आवारात सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट यांच्यामुळे या गावात सिनेमा अगदी गंभीरपणे पाहणारी मंडळी बरीच आहेत, आणि प्रत्येक सोसायटीत त्यांतला एकजण असतोच. त्याच्या शेजारी चकलीचा डबा ठेवू नये. छोट्या आकाराची बाकरवडी मात्र चालते; ती एका घासात तोंडात जाते आणि तोंड मिटल्यावर तिचा आवाज आतच राहतो.

मक्याच्या लाह्या, ज्यांना आता सगळे पॉपकॉर्नच म्हणतात, या वेळेचा मुख्य पदार्थ आहेत. त्या घरी करणे स्वस्त असते आणि चवही हातात राहते. यासाठी लाह्यांचा म्हणून मिळणारा बारीक, कडक मका घ्यावा. कणसाचा मऊ दाणा किंवा दळायचा साधा मका तसा फुलत नाही. या दाण्याचे गुपित त्याच्या पोटातल्या पाण्यात आहे. चांगल्या दाण्यात सुमारे चौदा टक्के ओलावा असतो. दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की आतल्या वाफेचा दाब कडक सालीला पेलवत नाही आणि ती फुटून आतला पिष्टमय भाग फेसासारखा फुलतो. जुन्या, उघड्या राहिलेल्या पुड्यातला ओलावा उडून गेलेला असतो, म्हणून त्यातले निम्मे दाणे न फुटता तसेच राहतात. असा पुडा टाकून न देता एक वाटी दाण्यांना एक लहान चमचा पाणी चोळावे, घट्ट बरणीत भरून दोन-तीन दिवस ठेवावे आणि मधूनमधून बरणी हलवावी. बहुतेक दाणे पुन्हा ताळ्यावर येतात.

कृती साधी आहे, पण तिच्यातले दोन टप्पे सहसा वगळले जातात. जाड बुडाच्या पाच लिटरच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवून त्यात तीन दाणे टाकावेत. ते तिन्ही फुटले की शंभर ग्रॅम दाणे घालून पातेले गॅसवरून खाली घ्यावे आणि अर्धा मिनिट तसेच ठेवावे. यामुळे सगळे दाणे सारखे तापतात आणि पुढे जवळजवळ एकदमच फुटतात. मग पातेले पुन्हा मध्यम आचेवर ठेवून झाकण किंचित तिरके, बोटभर फट राहील असे ठेवावे. ही फट हाच दुसरा टप्पा आहे, कारण फुटलेल्या दाण्यांतून निघालेली वाफ बाहेर गेली नाही तर लाह्या पातेल्यातच चिवट होतात. दोन फटाक्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद करावा. शंभर ग्रॅम दाण्यांपासून साधारण तीन लिटर लाह्या होतात. पंचवीस माणसांना पाचशे ते सहाशे ग्रॅम दाणे पुरेत, म्हणजे सहा घाणे आणि एकूण पाऊण तासाचे काम.

मीठ मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून घ्यावे, कारण जाडे मीठ लाहीवर न राहता तळाशी बसते. लोण्याऐवजी साजूक तूप वापरावे. यात आवडीपेक्षा कोरडेपणाचा प्रश्न आहे: लोण्यात सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असते आणि तेच लाहीला मऊ करते, तर तुपात पाणी जवळपास नसते. आमच्याकडे सर्वांत आधी संपणारा प्रकार म्हणजे मेतकुटाच्या लाह्या. एका घाण्याला दोन लहान चमचे पातळ केलेले तूप, एक मोठा चमचा मेतकूट, चवीपुरते मीठ आणि चिमूटभर तिखट पुरते. गरम लाह्यांवर तूप फिरवून मगच मेतकूट भुरभुरावे आणि डबा बंद करून हलवावा. गुरगुट्या भात आणि मेतकूट खाऊन वाढलेल्या माणसाला तो वास अंधारातही ओळखू येतो.

लाह्यांच्या जोडीला भडंग असावे, कारण लाह्या हलक्या असतात आणि तासाभराने लोक पुन्हा भुकेले होतात. त्यासाठी जाड, फुगीर कुरमुरे पाचशे ग्रॅम घ्यावेत आणि दुपारी उन्हात दोन तास पसरावेत किंवा मंद आचेवर कोरडे परतून घ्यावेत. मोठ्या कढईत दीड वाटी तेल तापवून त्यात अडीचशे ग्रॅम शेंगदाणे खमंग तळावेत आणि काढून ठेवावेत. त्याच तेलात ठेचलेल्या पंचवीस-तीस लसूण पाकळ्या सालासकट सोनेरी होईपर्यंत परताव्यात, मग कढीपत्ता, हिंग, हळद घालून गॅस बंद करावा आणि त्यानंतरच तिखट टाकावे. तापत्या तेलात टाकलेले तिखट काळे पडते आणि पूर्ण भडंगाला जळका वास लागतो. कुरमुरे आणि शेंगदाणे घालून मीठ, पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे मेतकूट भुरभुरावे, आणि हाताने नव्हे तर दोन उलथन्यांनी तळापासून वर करत हलवावे. भडंग आदल्या दिवशी करून ठेवता येते, किंबहुना दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरलेले लागते. ज्यांना कांदा-कोथिंबीर घालून हवे त्यांनी मध्यंतराची वाट पाहावी.

वाटपासाठी पानाचे द्रोण सर्वांत चांगले, कारण ते खाली पडले तरी वाजत नाहीत. स्टीलच्या वाट्या टिकाऊ असल्या तरी सिमेंटच्या गच्चीवर एखादी निसटली की अख्ख्या इमारतीला कळते. वर्तमानपत्राचे कोन दिसायला हौसेचे असले तरी छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून ते टाळावेत. कोन करायचेच असतील तर कोऱ्या तपकिरी कागदाचे करावेत. प्लॅस्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. प्रत्येकाच्या हातात सुरुवातीलाच आपापला द्रोण द्यावा. एकच मोठे भांडे रांगेतून फिरवले की अर्धा सिनेमा "इकडे द्या हो जरा" यातच जातो.

मध्यंतर

मध्यंतरासाठी गरम किंवा ओले एकच काहीतरी असावे, दोन नव्हेत. आमचा अनुभव असा की भेळ आणि मक्याचे उकडलेले दाणे हे दोनच पदार्थ पंधरा मिनिटांत पंचवीस माणसांपर्यंत पोहोचतात. भेळेसाठी एक किलो कुरमुरे, अर्धा किलो फरसाण, पाव किलो बारीक शेव, एक किलो कांदा, अर्धा किलो टोमॅटो, चार कैऱ्या किंवा लिंबे आणि दोन जुड्या कोथिंबीर एवढे सामान लागते, शिवाय चिंच-गुळाची आणि हिरव्या मिरचीची चटणी. कांदा, टोमॅटो वेगवेगळ्या डब्यांत चिरून ठेवावेत, कारण टोमॅटोचे पाणी कांद्यात गेले की भेळ कालवण्याआधीच ओली होते. मध्यंतराच्या दोन मिनिटे आधी दोघांनी उठून दोन परातींत कालवायला घ्यावे, एक गोड-आंबट आणि एक तिखट. सगळी भेळ एकदम न कालवता दोन वेळा कालवावी, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही कुरकुरीत मिळते. उसळीची सवय असलेल्या घरात मोड आलेली मटकी वाफवून भेळेत घातली तर पोटभरीचा प्रश्नही सुटतो.

मक्याचे दाणे करायचे असतील तर साधारण तीन किलो दाणे खालीच वाफवून मोठ्या हॉटपॉटमध्ये भरावेत आणि वर आणल्यावर तूप, मीठ, तिखट आणि लिंबू घालून हलवून कागदी पेल्यांत द्यावेत. सोबत लाकडी चमचे ठेवावेत. कोळशाच्या शेगडीवर कणसे भाजायची हौस पुष्कळांना असते. ती पुरवायची तर शेगडी वाऱ्याच्या खालच्या दिशेला, वायरी आणि पडद्यापासून दूर ठेवावी, शेजारी पाण्याची बादली असावी आणि निखाऱ्यांची जबाबदारी एका मोठ्या माणसाने शेवटपर्यंत घ्यावी. धूर पडद्यासमोर आला की चित्र धुक्यातले दिसते, हे आम्ही एकदा करून पाहिले आहे.

गरम पदार्थ गरमच आणि थंड पदार्थ थंडच ठेवण्याकडे लक्ष द्यावे. शिजवलेले अन्न, दही-दुधाचे पदार्थ आणि चिरलेली फळे नुसती बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात या कार्यक्रमाला करूच नये. ती सगळ्यांत आधी आंबते आणि अंधारात तिचा रंग बदललेला दिसतही नाही.

पिण्याचे

सर्वांत जास्त लागते ते पाणी आणि सर्वांत आधी विसरले जाते तेही पाणीच. माणशी अर्धा लिटर धरला तरी साडेबारा लिटर होतात, म्हणून वीस लिटरचा एक जार तोटीसह वर असावा. पुष्कळ इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि गच्चीचा जिना पायीच चढावा लागतो. जार उजेडातच, दोघांनी मिळून वर न्यावा. पेल्यांवर नावे लिहायला एक पेन ठेवले की पेले निम्मे लागतात.

थंडीत आम्ही चहापेक्षा टोमॅटोचे सार जास्त देतो. तीन किलो टोमॅटो उकडून, साल काढून, गाळून त्यात गूळ, मीठ, तिखट घालावे आणि तूप-जिरे-हिंग-कढीपत्त्याची फोडणी द्यावी. पंचवीस छोटे पेले होतात. फोडणीतले जिरे आणि कढीपत्ता गाळून घ्यावा, कारण अंधारात घशाला लागलेले कढीपत्त्याचे पान माणसाला उगीच घाबरवते. साराला नारळाचे दूध लावू नये. थर्मासमध्ये तासभर कढत राहिले की ते फुटते. थर्मासमध्ये आधी उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून ओतून द्यावे आणि मग सार भरावे, तरच ते मध्यंतरापर्यंत कढत राहते. चहाच हवा असेल तर आले आणि गवती चहा घालून केलेला, गाळलेला चहा अर्ध्या पेल्याच्या मापाने द्यावा, आणि तासाभरात संपेल इतकाच करावा. दुधाचा चहा थर्मासमध्ये दोन तास राहिला की त्याला उकळलेल्या सायीची चव येते.

उन्हाळ्यात पन्हे आणि ताक यांच्यापलीकडे जाण्याची गरज नाही. पन्ह्यासाठी एक किलो कैऱ्या उकडून गर काढावा, एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या गूळ घालावा, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून हा घट्ट गोळा फ्रिजमध्ये ठेवावा आणि आयत्या वेळी तीन लिटर गार पाण्यात कालवावा. ताकासाठी दीड किलो दह्यात चार लिटर पाणी घालून घुसळावे आणि आले, जिरेपूड, कोथिंबीर वाटून लावावी. मिरचीचे तुकडे तरंगत ठेवू नयेत, याचे कारण पुन्हा अंधार. कोकम सरबतही उत्तम, फक्त त्याचा डाग जात नाही, तेव्हा फिकट सतरंजी असेल तर ते उजेडात प्यायला द्यावे. मस्तानी हा पुण्याचा अभिमान असला तरी पंचवीस जणांसाठी ती गच्चीवर करायला जाणे म्हणजे यजमानाने सिनेमावर पाणी सोडणे आहे. आठ-दहा माणसे असतील तर आंब्याचे घट्ट मिल्कशेक खाली करून बर्फात ठेवावे आणि मध्यंतरात वर आइस्क्रीमचा गोळा टाकून चमच्यासह द्यावे.

कोजागिरीला सिनेमा ठेवला तर बेत आपोआपच ठरतो. साडेचार लिटर म्हशीचे दूध चार लिटरच्या आत येईपर्यंत आटवावे, साखर चारशे ग्रॅमच्या आसपास, बदाम-पिस्त्याची भरड, वेलदोडा आणि गरम दुधात भिजवलेले केशर घालावे. बदामाचे काप न करता भरड करावी, म्हणजे तळाशी राहिलेले काप काढायला पेल्यात बोटे घालावी लागत नाहीत. जायफळ अगदी बेताने किसावे. जायफळाने झोप येते असे आजी सांगत असे. ते कितपत खरे ते असो, पण ज्या वर्षी हात सैल सुटला त्या वर्षी उत्तरार्धात मागच्या रांगेतून घोरणे ऐकू आले. दूध सिनेमा संपल्यावरच द्यावे. तोवर चंद्र पुरेसा वर आलेला असतो, आणि पडदाही मोकळा झालेला असतो.

मुले, वडीलधारे आणि मांडणी

चार वर्षांखालच्या मुलांना मक्याच्या लाह्या आणि अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात आणि अंधारात ते लगेच लक्षातही येत नाही. त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा, केळे किंवा मऊ ढोकळा वेगळ्या डब्यात ठेवावा. ज्यांचे दात राहिलेले नाहीत अशा आजी-आजोबांनाही तोच डबा उपयोगी पडतो, पण त्यांना तो मुलांचा म्हणून देऊ नये. चतुर्थी, एकादशी किंवा गुरुवार-शनिवारचा उपास कोणाला आहे का हे आमंत्रण देतानाच विचारावे. साबुदाण्याचे वडे असले तर उपासवाले तृप्त होतात आणि उपास नसलेले ते आधी संपवतात, म्हणून ते मोजून दुप्पट करावेत.

खाण्याचे टेबल पडद्याच्या बाजूला नव्हे, तर जिन्याच्या दाराजवळ, सगळ्यांच्या पाठीमागे ठेवावे, म्हणजे उठणाऱ्याची सावली चित्रावर पडत नाही. त्याच्यावर झुंबर नको. टेबलाखाली, जमिनीलगत, एक मंद पिवळा दिवा पुरतो. किडे प्रोजेक्टरच्या झोताकडे येतात, त्यामुळे झोत आणि टेबल यांच्यात जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवावे आणि प्रत्येक डब्यावर झाकण असावे. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या दोन पिशव्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवाव्यात. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंपुढे पंचवीस द्रोणांतली भेळ उपसत बसण्यापेक्षा हे सोपे पडते. गच्चीवर रात्रीच एकदा झाडू फिरवावा, नाहीतर उजाडताना कबुतरे येतात.

उरलेल्या लाह्या सादळल्या तरी फेकू नयेत. सकाळी त्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे परतल्या की पुन्हा कडक होतात. मग मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, डाळे यांची फोडणी करून, हळद-मीठ-पिठीसाखर घालून त्यांचा चिवडा करावा आणि कार्यक्रमाला येऊ न शकलेल्या शेजाऱ्यांकडे वाटीभर पाठवून द्यावा.